हिरवं पान आणि तहानलेलं झाड

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सातपुड्यातल्या फळझाडांच्या कामाबद्दल बोलायला मला सांगितलंय. या कामासाठी तुमच्यापैकी पुष्कळांनी दान दिलं आहे. कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलं, कुणी मुलाच्या पहिल्या पगारातून दिलं. त्याबद्दल आधी देवाचे आणि मग तुमचे आभार मानते. आणि आभारानंतर लगेच एक कबुली देते.

आपल्या त्रैमासिकात आम्ही दरवर्षी झाडांचा आकडा छापत आलो. तो आकडा लावलेल्या झाडांचा होता. जगलेल्या झाडांचा रकाना आमच्या नोंदवहीत नव्हताच. तुम्ही कधी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. खोटं काही लिहिलं नाही. पण अर्धं लिहिलं. झाड लावायला जुलैतला एक दिवस पुरतो. ते जगतं की मरतं हे फेब्रुवारी ते जून या महिन्यांत ठरतं, आणि त्या महिन्यांकडे आम्ही नीट पाहत नव्हतो.

ज्यांनी धडगाव, मोलगीचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन तालुके बहुतेक डोंगराचेच. पावसाळ्यात इथे पाऊस चांगला पडतो. पण जमीन उताराची, मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि खडक. आलेलं पाणी धावत नर्मदेकडे नाहीतर तापीकडे निघून जातं. दिवाळीला खळखळणारा नाला होळीला कोरडा पडतो. मग बायका वाळूत खड्डा खणून झिरा करतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात.

अशा उतारावर फळझाडांची वाडी करायची कल्पना आमची नव्हे. शेजारच्या गुजरातेत, वांसद्याच्या आदिवासी भागात, मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने १९८२ साली ती सुरू केली आणि पुढे नाबार्डने तिला मोठा आधार दिला. एकरभर जमिनीत आंब्यासारखी फळझाडं, मधल्या पट्ट्यात नेहमीची पिकं, कडेला कुंपणाची झाडं. आम्ही लहान प्रमाणात तेच करतो. आमच्याकडे आंबा आणि सीताफळ.

आंबाच का? कारण धडगावच्या माणसाला आंबा शिकवावा लागत नाही. उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर होतं. पेरणीच्या तोंडावर हातात येणारा तो रोख पैसा असतो. ज्या घरात तो येतो, त्या घराला मुकादमाकडून उचल घ्यायची गरज कमी पडते. ज्या घरात येत नाही, तिथली नवराबायको उचल घेतात आणि दिवाळीनंतर लेकराबाळांसह ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. होळीला चार दिवस येतात, ढोल वाजवतात, परत जातात. लहान झाडाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच त्याला पाणी घालणारा माणूस घरी नसतो. आता झाड मोठं होऊन फळ देईल तर माणूस घरी राहील, आणि माणूस घरी राहील तर झाड मोठं होईल. या फेऱ्यात आम्ही अडकलो होतो.

एका वर्षी मार्चमध्ये मी पहिल्यांदा वही घेऊन वाड्या पाहायला गेले. सीताफळाची रोपं उभी होती, पण पान एकही नव्हतं. नुसत्या काटक्या. मी लिहीत गेले, "मेलं, मेलं, मेलं." एक आजी माझ्या मागे मागे चालत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी एका काटकीवर अंगठ्याच्या नखाने हलकेच खरवडलं. सालीखाली ओलसर हिरवा रंग होता. सीताफळ कोरड्या दिवसांत पानं टाकतं. पानांतूनच पाणी उडतं, म्हणून ते पानंच टाकून देतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा फुटतं. आजींना हे लहानपणापासून ठाऊक. मी मात्र जिवंत झाडांची मृत म्हणून नोंद केली होती.

त्याच दिवशी मी उलटी चूकही केली. पलीकडच्या वाडीत आंब्याची रोपं हिरवीगार दिसली. "उत्तम," असं लिहून मी पुढे गेले. एप्रिलअखेर त्यातली बरीच वाळली. आंब्याचं पान जाड, चिवट. ते भाजीच्या पानासारखं लगेच मान टाकत नाही. आतून पाणी संपत आलं तरी वरून बरेच दिवस हिरवं दिसतं. पपईचं तसं नाही. शहाद्याकडचा पपईवाला शेतकरी सकाळी पान बघून सांगतो की पाणी चुकलं. आंब्याच्या कडा करपलेल्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणजे नुसत्या डोळ्यांनी मी जिवंताला मेलेलं म्हटलं आणि मरणाऱ्याला बरं म्हटलं. तेव्हा ठरवलं की झाडाची तहान मोजायला शिकायचं.

शेतकरी याला ताण म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात हा शब्द जुना आहे, आणि ताण नेहमी वाईटच असतो असंही नाही. डाळिंबाला, संत्र्याला बहार धरायचा असेल तर शेतकरी मुद्दाम पाणी तोडतात. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार हे सगळं त्या ताणावर चालतं. जाणता बागायतदार ताण किती द्यायचा आणि कधी सोडायचा हे ओळखतो. थोडा ताण मोहोर आणतो, जास्त ताण झाड नेतो. आणि दोन वर्षांच्या रोपाला बहाराचं काही घेणंदेणं नसतं. त्याला फक्त जगायचं असतं.

हा ताण मोजण्याचं शास्त्र मोठं आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्द इथे २००९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी केली. दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा पिकांवर काय परिणाम होतो याचाच तिथे अभ्यास चालतो, आणि तोही मुरमाड, खडकाळ माळावर. शास्त्रज्ञांकडे दाबपेटी नावाचं एक यंत्र असतं. अमेरिकेतल्या शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ती पद्धत मांडली. पान तोडून पेटीत बंद करायचं, देठ तेवढा बाहेर ठेवायचा आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. देठाच्या टोकाला पाण्याचा थेंब दिसला की दाब वाचायचा. झाड जितकं तहानलेलं, तितकं ते पाणी घट्ट धरून ठेवतं आणि थेंब काढायला तितका जास्त दाब लागतो. मला हे वाचून फार नवल वाटलं. पण ते यंत्र आपल्या ऐपतीचं नाही, आणि खांद्यावर घेऊन डोंगर चढण्यासारखंही नाही.

मग दोन साध्या पद्धती हाती आल्या.

पहिली वजनाची. सोन्याचांदीच्या दुकानात असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आम्ही घेतला. पहाटे, ऊन पडण्याआधी, झाडाची दोन पक्व पानं तोडायची. पहाटेच का? कारण दुपारी बहुतेक सगळीच झाडं थकलेली असतात. रात्रभर मुळं पाणी ओढतात, पहाटेपर्यंत झाड जमिनीच्या बरोबरीला येतं. पहाटेही जे तहानलेलं असतं, ते खरं तहानलेलं. पानं लगेच पिशवीत बंद करून वजन करायचं. मग ती चार-पाच तास स्वच्छ पाण्यात ठेवायची, फडक्याने टिपून पुन्हा वजन करायचं. हे पोट भरलेल्या पानाचं वजन. मग पानं पूर्ण वाळवून तिसरं वजन. प्रयोगशाळेत यासाठी भट्टी असते. आम्ही वजन बदलायचं थांबेपर्यंत उन्हात वाळवतो. तेवढी अचूकता त्यात नाही, पण सगळ्या झाडांना एकच रीत लावली की तुलना करता येते.

उदाहरण देते. तोडल्यावर पानांचं वजन २.३० ग्रॅम, पाणी प्यायल्यावर २.६०, वाळल्यावर १.१०. म्हणजे पानांत पाणी मावतं दीड ग्रॅम आणि होतं एक पूर्णांक दोन. हे झाले ८० टक्के. दुसऱ्या झाडाची पानं तेवढीच, पण तोडल्यावर भरली २.०६ ग्रॅम. मावतं दीड, होतं ०.९६, म्हणजे ६४ टक्के. दोन्ही झाडं दिसायला हिरवी. पण पहिलं कसंबसं भागवतंय आणि दुसरं संकटात आहे. साधारणपणे चांगलं पाणी मिळालेल्या झाडाचा हा आकडा ८५च्या वर असतो. शाळेत पाचवी-सहावीत शिकलेल्या गणिताने हे कळतं. वाडीवरची मुलं हे गणित माझ्यापेक्षा लवकर करतात.

दुसरी पद्धत तुमच्या ओळखीची आहे. २०२०मध्ये उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर आपण दारात बंदूक रोखत होतो, आठवतं? ताप मोजायची ती बंदूक. तिच्यातल्या काहींवर वस्तूचं तापमान मोजायची सोय असते. तशी एक कपाटात पडून होती. माठातलं पाणी का गार राहतं? माठ पाझरतो, पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. पानाचंही तसंच. पाणी मिळालेलं पान भर उन्हातही स्वतःला गार ठेवतं. पाणी संपत आलं की झाड पानावरची बारीक छिद्रं मिटून घेतं, म्हणजे आहे ते तरी टिकावं; आणि पान तापतं. शेजारशेजारच्या दोन झाडांत एकाचं पान दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर समजायचं, याला तहान लागली आहे. मात्र निरभ्र दुपारी, वारा पडलेला असताना, सगळ्या झाडांची उन्हाकडचीच पानं मोजायची. नाहीतर ढगाची सावली आपल्याला फसवते.

आता त्या मे महिन्याबद्दल सांगते, ज्याने मला हे सगळं शिकवलं.

एका पाड्यावर अकरा घरांच्या वाड्या होत्या, सगळी मिळून आंब्याची सुमारे ४४० रोपं. झिऱ्याचं पाणी आटत चाललेलं. माणसांचं आणि गुरांचं भागवून झाडांसाठी दिवसाला आठ हंडे उरत. हिशेब केला तर आठवड्याला झाडामागे दोन लिटरही येत नव्हतं. तेवढ्याने तापलेल्या मुरमात वरची धूळ भिजते, मुळाला काही मिळत नाही. सगळ्यांना सारखं वाटलं तर सगळीच जातील हे दिसत होतं. पण सारखं वाटणं हीच तिथली रीत, आणि ती चांगली रीत आहे. शिकार असो, मोहफुलं असोत, वाटा सारखा. ती रीत मोडा असं बाहेरून आलेल्या बाईने कसं सांगायचं?

आम्ही चार दुपारी सगळ्या झाडांची पानं बंदुकीने मोजली. शंका वाटली त्यांचीच पहाटे वजनं केली. पान नसलेल्यांना नखाने खरवडून पाहिलं. झाडांचे तीन गट पडले. काही झाडं अजून धीर धरून होती. त्यांना पाणी नको, फक्त बुंध्याशी गवताचं जाड आच्छादन द्यायचं. काहींच्या सालीखाली तपकिरी कोरडं झालं होतं. ती गेली होती. आणि मधली, जी हिरवी दिसत होती पण तापलेली होती, पाणी त्यांना द्यायचं.

संध्याकाळी पाड्यावर बसून हे सांगितलं तेव्हा वाद झाला. एका काकांची सगळी झाडं पहिल्या गटात आली होती. ते म्हणाले, "माझी झाडं चांगली राखली म्हणून मला पाणी नाही? मुलगा ऊसतोडीवर आहे. त्याने लावलेली झाडं आहेत ही." त्यांचं चुकत नव्हतं. मला उत्तर सुचलं नाही. उत्तर त्याच सीताफळवाल्या आजींनी दिलं. त्या त्यांच्या बोलीत म्हणाल्या, "घरात एकाला ताप आला तर काढा सगळ्यांना पाजता का?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग काकाच म्हणाले, "पण दर आठ दिवसांनी माझी झाडं पुन्हा मोजायची." ही अट रास्त होती, आणि आम्ही ती पाळली. तिसऱ्या आठवड्यात त्यांची काही झाडं मधल्या गटात आली आणि त्यांना पाणी मिळालं.

पाणी आळ्यात ओतलं नाही. प्रत्येक झाडाशेजारी गळ्यापर्यंत मडकं पुरलं, तळाशी भोक पाडून चिंधीची वात घातली, तोंडावर झाकण. पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं, ऊन ते खात नाही. शाळेतली मुलं आणि म्हातारी माणसं हे करू शकतात, आणि त्या दिवसांत पाड्यावर तीच असतात.

पाऊस आल्यावर मोजदाद केली. मधल्या गटातली बहुतेक झाडं जगली होती. त्यातली किती आपल्या पाण्यामुळे जगली हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण तुलनेसाठी तशीच काही झाडं बिनपाण्याची सोडलेली नव्हती. तसं करायला माझा हात धजावला नाही. आणि एका घरची तीन झाडं पाणी देऊनही गेली. त्या घरची लेक बाळाला कडेवर घेऊन रोज मडकी भरत होती. खणून पाहिलं तर मुळाला वाळवी. कोरड्या जमिनीत वाळवी कोवळ्या रोपावर जाते हे मला ठाऊक होतं, तरी मी मुळाशी पाहिलं नाही. पान तापलंय एवढं मोजलं, का तापलंय ते विचारलं नाही. तिने घातलेलं पाणी दुसऱ्या झाडांना देता आलं असतं. ही चूक माझी आहे आणि ती मी नोंदवहीत लिहून ठेवली आहे. आता झाड तापलेलं दिसलं की आम्ही आधी बुंध्याची माती उकरून पाहतो.

यिर्मया संदेष्ट्याने पाण्याकाठी लावलेल्या झाडाबद्दल सांगितलं आहे. दुष्काळाच्या वर्षी त्याला चिंता नसते, त्याचं पान हिरवं राहतं. पूर्वी मी त्यातलं पानच पाहत असे. आता लक्षात येतं की संदेष्टा पानाआधी मुळाबद्दल बोलतो. मुळं पाण्यापर्यंत पोचलेली असतात, म्हणून पान हिरवं असतं. पान हिरवं आहे एवढ्यावरून मूळ सुखरूप आहे असं म्हणता येत नाही.

माणसांचंही तसंच. २०१८ साली ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातलेही तालुके होते. सरकार पाऊस, जमिनीतला ओलावा, भूजल आणि उपग्रहातून दिसणारा हिरवेपणा पाहून तालुका ठरवतं. ते आवश्यकच आहे. पण उतारावरची चाळीस रोपं उपग्रहाला दिसत नाहीत, आणि उचल घेऊन रात्री टेम्पोत बसणारं कुटुंब आम्हांलाही दिसत नव्हतं. रविवारी ते हसतमुख उपासनेला येत, आम्ही "बरं आहे" असं समजून पुढे जात होतो. आता आम्ही दिवाळीआधी घरोघर जाऊन विचारतो: धान्य कुठवर पुरेल, उचल घेतली का, दुखणं कुणाला आहे. करपलेली कड दिसायच्या आधी.

बंधुभगिनींनो, शेवटी तीन विनंत्या.

पहिली, आम्हांला किती झाडं लावली हे विचारू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या जूनमध्ये किती जिवंत आहेत ते विचारा. पुढच्या अंकापासून आम्ही दोन्ही रकाने छापणार आहोत. दुसरा आकडा लहान असेल. तो पाहून तुम्हांला वाईट वाटेल, मलाही वाटतं. पण तो खरा असेल.

दुसरी, नव्या रोपांसाठी द्याल त्यातला काही भाग जुन्या रोपांच्या मडक्यांसाठी, आच्छादनासाठी आणि मोजणाऱ्या मुलांच्या वह्यांसाठी वापरू द्या. मडक्यावर कुणाच्या नावाची पाटी लावता येत नाही हे मला माहीत आहे.

तिसरी, प्रार्थना. झाडं लावायच्या दिवशी आपण सगळे प्रार्थना करतो, फोटो काढतो. यापुढे फेब्रुवारी ते जून या महिन्यांत कौटुंबिक प्रार्थनेत त्या म्हाताऱ्या माणसांची आणि मुलांची आठवण ठेवा, जी हंडा घेऊन उतार चढत असतात.

प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला तुम्हांला पाठ आहे. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक तोडा म्हणतो, आणि माळी आणखी एक वर्ष मागतो. पण तो नुसतं वर्ष मागत नाही. भोवती खणीन, खत घालीन असंही सांगतो. मीही तुमच्याकडे वर्ष मागते आहे, आणि त्याबरोबर खणण्याचं, घालण्याचं आणि मोजण्याचं वचन देते आहे.

त्या काकांचा मुलगा मागच्या होळीला आला तेव्हा त्याच्या वाडीतल्या दोन झाडांना पहिल्यांदा मोहोर आला होता. आम्ही तो खुडायला सांगितला, कारण इतक्या लहान झाडाने फळ धरू नये. त्याला ते पटलं नाही. त्याने एका झाडाचा खुडला आणि एकाचा ठेवला. मे महिन्यात त्याला पाच कैऱ्या लागल्या. काकांनी त्यातली एक माझ्यासाठी राखून ठेवली होती.

देव तुम्हांला आशीर्वाद देवो. सलाम.